शंभर वर्षे पेटीत कोंडलेला चिमटा

धागा. विषय वैद्यकाच्या इतिहासातला आहे, थोडा लांब आहे, सवडीने वाचावा.

स्वयंपाकघरातली सांडशी आपण सर्वांनी हाताळलेली असते. उकळते पातेले चुलीवरून उतरवताना तिचे तोंड काठाला धरते आणि दांडे जितके जवळ आणावेत तितकी पकड आवळत जाते. 'संदंश' या संस्कृत शब्दाचे हे घरगुती रूप, आणि सुश्रुतसंहितेत याच नावाचे शस्त्रवैद्याचे एक यंत्र आहे. आज लिहायचे आहे ते या सांडशीच्या एका दूरच्या नातलगाविषयी: अडलेल्या बाळंतपणात मूल जिवंत बाहेर काढणाऱ्या चिमट्याविषयी. डॉक्टर त्याला फोर्सेप्स म्हणतात. आपल्या आज्या 'चिमटा लावून बाळंतपण केलं' एवढेच म्हणत. इंग्लंडमधल्या एका कुटुंबाने हा चिमटा शंभर वर्षांहून अधिक काळ जगापासून लपवून ठेवला. तो लपवला कसा, याच्या सुरस गोष्टी पुष्कळ आहेत. इतकी वर्षे लपवणे शक्य का झाले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न मात्र त्या गोष्टींत हरवून जातो.

आधी यंत्र समजून घेऊ. शस्त्रक्रियेत वापरले जाणारे चिमटे असंख्य प्रकारचे असतात. रक्तवाहिनी दाबून धरणाऱ्या चिमट्याला बोटे घालायच्या कड्यांपाशी दाते असतात; एकदा दाबला की तो हात सोडल्यावरही आवळलेलाच राहतो आणि रक्तस्राव थांबतो. त्वचा किंवा उती उचलण्यासाठी बोटांत धरायचा साधा, स्प्रिंगसारखा चिमटा असतो. दात उपटण्याचा वेगळा, हाडाचा तुकडा धरण्याचा वेगळा, जखमेतली गोळी काढण्याचा वेगळा. या सगळ्यांचे काम शेवटी एकच: घट्ट दाबून धरणे. प्रसूतीच्या चिमट्याची अडचण नेमकी इथे आहे. त्याला मुलाचे डोके धरायचे असते, पण दाबायचे नसते. म्हणून त्याची पाती डोक्याच्या गोलाईप्रमाणे वळवलेली असतात, मध्ये खिडकीसारखी पोकळी असते, आणि सांधा असा असतो की पाती मिटली तरी मध्ये डोक्यापुरती जागा उरते. दुसरी युक्ती याहून महत्त्वाची. याची दोन पाती एकमेकांपासून सुटी होतात. एक आत सरकवायचे, मग दुसरे, आणि दोन्ही जागेवर बसल्यावर बाहेरच्या बाजूला ती एकमेकांत अडकवायची. सांडशी उघडून आत घालता येईल इतकी जागा बाळंतिणीच्या शरीरात नसते. सुटी पाती एकेक करून जाऊ शकतात. सांगितल्यावर हे अगदी सोपे वाटते, आणि म्हणूनच ते कोणालाही दिसू न देणे चेंबरलेन कुटुंबाला आवश्यक होते.

इथे एक विषयांतर, कारण या धाग्याखाली ती प्रतिक्रिया येणार हे मला ठाऊक आहे: 'हे तर सुश्रुताने आधीच शोधले होते.' सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे सांगितली आहेत. त्यांत मसुराच्या दाण्याएवढ्या खिळ्याने जोडलेली, अठरा अंगुळे लांबीची २४ स्वस्तिकयंत्रे आहेत आणि त्यांची तोंडे पशुपक्ष्यांच्या मुखांसारखी असल्याने नावेही तशीच आहेत: सिंहमुख, व्याघ्रमुख, काकमुख, कंकमुख. सहज आत जाते, सहज बाहेर येते आणि पक्के धरते म्हणून कंकमुख सर्वांत श्रेष्ठ, असा अभिप्रायही तिथे आहे. सर्व यंत्रांत प्रधान यंत्र मात्र हात, हेही सांगितले आहे. इतके नेमके वर्गीकरण वाचताना आजही थक्क व्हायला होते. परंतु ही स्वस्तिकयंत्रे हाडात रुतलेले शल्य उपटण्यासाठी आहेत. मूढगर्भाच्या, म्हणजे अडलेल्या गर्भाच्या, प्रकरणात मूल जिवंत असेल तर हाताने प्रयत्न करावा आणि शस्त्र चालवू नये, मृत असेल तर शस्त्राने काढून आईला वाचवावे, अशी विभागणी आहे. सुश्रुताचे मोठेपण त्याने न केलेल्या शोधावर अवलंबून नाही. (जाता जाता: आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी लिहिलेला प्रबंध प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यावर स्वतंत्र धागा लिहायचा आहे.)

कॉर्डोबाजवळच्या अल्-जह्रावीने इसवी सनाच्या एक हजाराच्या आसपास लिहिलेल्या ग्रंथात प्रसूतीच्या चिमट्यांची चित्रे आहेत. पण ते दातेरी आहेत आणि मृत गर्भाचे डोके चिरडण्यासाठी आहेत. युरोपातही सोळाव्या शतकापर्यंत हीच स्थिती होती. बाळंतपण सुइणीच्या हाती असे. मूल अडले आणि सुईण थकली की शस्त्रवैद्याला बोलावले जाई आणि तो आकडे घेऊन येई. त्याचे पाऊल घरात पडले याचा अर्थ घरातल्या सगळ्यांना कळत असे: मूल जाणार, आई वाचली तर वाचली.

आता मुख्य कथेकडे. १५६९ मध्ये विल्यम चेंबरलेन हा प्रॉटेस्टंट पंथीय गृहस्थ फ्रान्समधला धार्मिक छळ टाळण्यासाठी पॅरिस सोडून इंग्लंडच्या साउदम्प्टन बंदरात आला. त्याच्या दोन मुलांची नावे पीटर आणि पीटर. थोरला पीटर, धाकटा पीटर. पुढे धाकट्याचा मुलगा, तोही पीटर. त्यानंतर थोरला ह्यू आणि धाकटा ह्यू. या घराण्याची वंशावळ लिहिताना विद्यार्थ्याने कपाळाला हात लावावा अशीच ही व्यवस्था आहे. चिमट्याच्या शोधाचे श्रेय साधारणपणे थोरल्या पीटरला दिले जाते. दोघेही भाऊ न्हावी-शस्त्रवैद्यांच्या संघाचे सदस्य होते आणि त्या काळच्या प्रतवारीत विद्यापीठातून पदवी घेतलेल्या वैद्यांपेक्षा खालच्या पायरीवर होते. १६१२ मध्ये थोरल्या पीटरने औषधे लिहून दिली, म्हणजे वैद्यांच्या हक्कावर अतिक्रमण केले, म्हणून लंडनच्या वैद्यमंडळाने त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकले. पहिल्या जेम्सची राणी ॲन त्याची रुग्ण होती. तिच्या रदबदलीने तो सुटला.

हा तपशील मी मुद्दाम दिला. परदेशातून आलेले, खालच्या प्रतीचे मानले गेलेले आणि मंडळाच्या डोळ्यांत खुपणारे हे लोक होते. त्यांच्याजवळ पदवीचे कवच नव्हते. होते ते एक यंत्र. ते उघड केले असते तर दुसऱ्याच दिवशी लंडनमधल्या कोणत्याही लोहाराने तसे बनवले असते. गुपिताचे समर्थन मी करत नाही, पण त्याची सुरुवात निव्वळ दुष्टपणातून झाली असे मानणेही मला पटत नाही.

लपवाछपवीच्या कथा पुढे खूप रंगल्या. दोन माणसांनी उचलावी लागे अशी सोनेरी नक्षीची मोठी लाकडी पेटी, बाळंतिणीच्या डोळ्यांवर पट्टी, नातेवाईक दाराबाहेर, आतून घंटांचे आणि ठोकाठोकीचे आवाज, जेणेकरून लोखंडाचा किणकिणाट कोणाला कळू नये. या वर्णनांत पुढच्या सांगणाऱ्यांची भर किती, हे वेगळे काढणे कठीण आहे, म्हणून मी ती दंतकथा म्हणूनच सांगतो. एक कागद मात्र दंतकथा नाही. तिसऱ्या पीटरने, म्हणजे डॉक्टर पीटर चेंबरलेनने, १६३४ च्या सुमारास लंडनच्या सुइणींना एका संस्थेखाली आणून आपण त्यांचे प्रशिक्षण करावे अशी खटपट चालवली होती. हेस्टर शॉ आणि एलिझाबेथ व्हिप या दोन सुइणींच्या पुढाकाराने त्याविरुद्ध तक्रार गेली. तिचा आशय असा: या गृहस्थाला बाळंतपणाचे ज्ञान पुस्तकातून मिळाले आहे, तो अवजारांशिवाय कोणाचीच सुटका करत नाही, आणि तीही आणीबाणीच्या वेळी जबरदस्तीने. त्याचे काम आणि आमचे काम परस्परविरुद्ध आहे.

हा कागद वाचताना दोन गोष्टी जाणवतात. चेंबरलेनांजवळ काहीतरी अवजार आहे हे गुपित नव्हतेच. ते कसे आहे हे गुपित होते. आणि ज्या स्त्रिया रोज बाळंतपणे करत होत्या, ज्यांना त्या अवजाराची सर्वांत जास्त गरज होती, त्यांना ते शिकवण्याचा प्रस्ताव कधी आलाच नाही. सुइणींनी चिमट्याला विरोध केला असे पुढे पुष्कळांनी लिहिले. त्यांना तो कोणी दाखवला होता, हे लिहिणाऱ्यांनी विचारले नाही.

डॉक्टर पीटरचा मुलगा थोरला ह्यू. हा १६७० मध्ये पॅरिसला गेला आणि फ्रान्सचा अग्रगण्य प्रसूतितज्ज्ञ फ्रांस्वा मोरिसो याच्यापुढे त्याने व्यवहार मांडला: गुपित विकत घ्या. किंमत दहा हजार एक्यू, त्या काळी प्रचंड रक्कम. मोरिसोने परीक्षा घ्यायचे ठरवले. त्याच्याकडे एक ३८ वर्षांची, अत्यंत ठेंगणी स्त्री होती. पहिलेच बाळंतपण, मुडदुसाने कटीची हाडे इतकी आकसलेली की मोरिसोच्या मते मूल बाहेर येणेच अशक्य होते. ह्यू म्हणाला, पाव तासात मोकळी करतो. त्याने खोलीचे दार लावून घेतले आणि तीन तास धडपड केली. काहीही झाले नाही. ती स्त्री चोवीस तासांच्या आत, पोटातल्या मुलासह, वारली. मृत्यूनंतर तपासणी केली तेव्हा गर्भाशय फाटलेले आढळले.

तिचे नाव इतिहासात नाही. दोन तज्ज्ञांच्या व्यवहारात ती नमुना म्हणून ठेवली गेली. मोरिसोने अशक्य वाटणारी रुग्ण पुढे केली आणि ह्यूने न पाहताच शब्द दिला; दोघांपैकी कोणालाही मी सोडत नाही.

व्यवहार फसला, तरी ह्यू रिकाम्या हाताने परतला नाही. मोरिसोचा ग्रंथ त्याने इंग्रजीत आणला. अनुवाद १६७२ मध्ये निघाला आणि पुढे अनेकदा छापला गेला. त्याच्या प्रस्तावनेत ह्यूने जे लिहिले ते या संपूर्ण कथेतले मला सर्वांत अस्वस्थ करणारे लेखन वाटते. त्याचा आशय असा की, इतरांना जिथे आकडे वापरून आई किंवा मूल किंवा दोघेही गमवावे लागतात, तिथे माझे वडील, भाऊ आणि मी ईश्वरकृपेने आणि परिश्रमाने दोघांनाही वाचवण्याची रीत जाणतो. मग ती प्रसिद्ध का करत नाही? कारण ती एकट्या माझ्या मालकीची नाही. वडील आणि दोन भाऊ तिच्यावरच उपजीविका करतात, त्यांचे नुकसान होईल. म्हणजे आकड्यांनी काय होते हे त्याला पूर्ण ठाऊक आहे, ते तो छापूनही सांगतो, आणि पुढच्याच वाक्यात हिशेबाची वही उघडतो. विशेष म्हणजे त्या काळच्या वाचकांना यात काही खटकले असे दिसत नाही. कसबाचे गुपित घरात ठेवणे हा धंद्याचा मान्य नियम होता.

पुढे ह्यू जमिनीच्या तारणावर चालणारी बँक काढण्याच्या योजनेत फसला आणि १६९९ मध्ये हॉलंडला निघून गेला. त्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये रोनहाउझेन नावाच्या शस्त्रवैद्याकडे 'गुपित' आले. ते चेंबरलेनकडूनच आले असे मानले जाते. तिथल्या ठरावीक मंडळींनी ते पैसे घेऊन एकमेकांना दिले आणि परवान्यासारखे वापरले. शेवटी १७५३ मध्ये दोन डच वैद्यांनी ते विकत घेऊन जगजाहीर केले, तेव्हा निघाले काय, तर एकच पाते! जोडीचा चिमटा नव्हेच, नुसती तरफ. ह्यूने अर्धेच विकले की मधल्या हातांत अर्धे हरवले, यावर वाद आहेत.

दरम्यान गेंट शहरातला शस्त्रवैद्य जाँ पाल्फिन १७२० च्या दशकाच्या आरंभी पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे स्वतःची जोडी घेऊन उभा राहिला. 'लोखंडी हात' हे तिचे नाव. पाती समांतर होती, एकमेकांना छेदत नव्हती, म्हणून पकड डळमळीत होती. पण त्याने ती सर्वांना दाखवली. धाकटा ह्यू पुत्राविना १७२८ मध्ये वारला (वेस्टमिन्स्टर ॲबीत त्याचे भव्य स्मारक आहे) आणि पाच-सात वर्षांतच एसेक्स परगण्यातल्या एडमंड चॅपमनने व लंडनच्या विल्यम गिफर्डच्या ग्रंथाने चिमट्याची माहिती आणि आकृती छापील पानावर आणली.

एकदा कागदावर आल्यावर बदल किती झपाट्याने झाले ते पाहा. फ्रान्समध्ये आंद्रे लव्रेने १७४७ मध्ये पात्यांना दुसरा बाक दिला, तो आईच्या कटीच्या वळणाप्रमाणे. जवळपास त्याच वेळी स्कॉटलंडहून लंडनला आलेल्या विल्यम स्मेलीने झटकन अडकणारा आणि झटकन सुटणारा सांधा बनवला, जो आजही 'इंग्लिश लॉक' या नावाने ओळखला जातो. स्मेलीने आपला १७५२ चा ग्रंथ आणि १७५४ चा चित्रसंग्रह दोन्ही प्रसिद्ध केले. चिमटा केव्हा वापरू नये हेही तपशिलाने लिहिले. हाडे आणि चामडे यांची पुतळी करून तो विद्यार्थ्यांना शिकवत असे. तरीही गुपिताची सावली त्याच्यावर होतीच. पात्यांना तो चामडे गुंडाळी, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून. आणि बाळंतीण घाबरू नये म्हणून चिमटा चादरीखाली झाकून बसवावा असे शिकवी. प्रतिस्पर्ध्यांपासून लपवणे संपले, जिच्या शरीरात ते जाणार तिच्यापासून मात्र चालू राहिले. लंडनमधली सुईण एलिझाबेथ निहेल हिने १७६० मध्ये ग्रंथ लिहून या अवजारधारी पुरुषांवर कठोर टीका केली, आणि तिचे काही आक्षेप खोटे नव्हते. सवड नसलेले, घाईने चिमटा लावणारे लोक तेव्हा वाढलेच होते.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. विल्यम हंटर हा राजघराण्याचा प्रसूतितज्ज्ञ आपला गंजलेला चिमटा विद्यार्थ्यांना दाखवत असे, 'मी हा वापरत नाही' याचा पुरावा म्हणून. निसर्गावर सोपवणे हीच मोठेपणाची खूण झाली. या वळणाची परिणती नोव्हेंबर १८१७ मध्ये झाली. इंग्लंडच्या गादीची वारस राजकन्या शार्लट हिचे बाळंतपण सुमारे पन्नास तास चालले. दुसरा वैद्य जॉन सिम्स याला बोलावले होते, चिमटा उपलब्ध होता. पण मुख्य वैद्य सर रिचर्ड क्रॉफ्ट याने तो लावला नाही. ५ नोव्हेंबरच्या रात्री नऊ पौंडांचा मुलगा मृत जन्मला आणि ६ तारखेच्या पहाटे शार्लटही गेली. तीन महिन्यांनी क्रॉफ्टने स्वतःवर गोळी झाडून घेतली. (त्याच ५ नोव्हेंबरला खडकीच्या माळावर पेशव्यांचे सैन्य आणि कंपनीची पलटण भिडली होती. पुण्याचे भवितव्य ठरत होते त्या दिवशी लंडनची वारसरेषाही तुटत होती. तिच्यामुळेच पुढे व्हिक्टोरिया गादीवर आली.) चिमटा लावला असता तर शार्लट वाचली असती का, यावर तज्ज्ञांत अजून एकमत नाही. पण त्यानंतर चिमट्याला हात लावायला घाबरणे हे भूषण राहिले नाही.

पुढचे प्रकार भराभर सांगतो. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सनचा १८४८ चा लांब चिमटा आजही सर्वत्र आहे. क्लोरोफॉर्म बाळंतपणात आणणारा तोच. पॅरिसच्या तार्निएने १८७७ मध्ये कटीच्या अक्षाच्या दिशेने ओढणारी वेगळी मूठ जोडली. नॉर्वेच्या किएलांडचा जवळजवळ सरळ चिमटा आडवे अडकलेले डोके फिरवण्यासाठी. कुशल हातात अद्भुत, अननुभवी हातात भयंकर. पायाळू मुलाच्या शेवटी अडकलेल्या डोक्यासाठी पायपरचा, आणि डोके अगदी दाराशी आले असताना वापरायचा रिग्लीचा आखूड, हलका चिमटा.

आणि चेंबरलेनांचे मूळ चिमटे? ते सापडले १८१३ मध्ये. एसेक्समधल्या वुडम मॉर्टिमर हॉल या डॉक्टर पीटरच्या जुन्या घरात, वरच्या मजल्यावर, जमिनीच्या फळ्यांखाली एक पेटी निघाली. तीत नाणी, पत्रे, पंखे, कागदात गुंडाळलेला एक दात आणि त्यावर 'माझ्या नवऱ्याचा शेवटचा दात' अशा अर्थाची चिठ्ठी. त्यांच्यासोबत चिमट्यांच्या चार जोड्या. पहिलीचा सांधा कच्चा, पुढच्यांचा सुधारत गेलेला; म्हणजे घरातल्या घरात तीन पिढ्या प्रयोग चालले होते. बहुधा डॉक्टर पीटरच्या विधवेने ते तिथे ठेवले असावेत. आज ते लंडनच्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या संग्रहात आहेत.

चिमट्याचा जगातला सर्वांत सविस्तर इतिहास मात्र लंडन किंवा पॅरिसमधल्या कोणी लिहिला नाही. तो लिहिला कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाचे प्राचार्य केदारनाथ दास यांनी. १९२९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथून प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात पाचशेहून अधिक चिमट्यांची नोंद आहे: कोणी केला, सांधा कसा, बाक कसा, आणि पानोपानी आकृत्या. युरोपीय मापाचे चिमटे आपल्याकडच्या स्त्रियांना मोठे पडतात हे पाहून त्यांनी स्वतः एक लहान, हलका चिमटा बनवला. 'बंगाल फोर्सेप्स' या नावाने तो ओळखला गेला. त्याचेही वर्णन त्यांनी प्रसिद्ध केले, कोणालाही करून घेता यावा असे.